मायएसक्यूएलचा रूट पासवर्ड विसरलात? डेटाला धक्का न लावता पुन्हा आत कसं जायचं

एरर १०४५, ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर 'रूट'@'लोकलहोस्ट'. म्हणजे मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर त्याच्या मुख्य, 'रूट' नावाच्या खात्याला आत घेत नाही. पासवर्ड पुन्हा टाकला, पुन्हा तीच ओळ. ही ओळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नोकरीत नवी होते. सर्व्हर बसवणारा सहकारी नोकरी सोडून गेला होता आणि त्याने लिहून ठेवलेला पासवर्ड काही केल्या चालत नव्हता. घाबरून मी डेटाबेस काढून टाकून नव्याने बसवायला निघाले होते. बाजूच्या टेबलावरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वेळीच हात धरला, म्हणून डेटा वाचला.

तुम्ही आत्ता त्याच जागी असाल तर आधी एक लक्षात घ्या: पासवर्ड विसरल्याने डेटा कुठेही जात नाही. तो जातो घाबरून केलेल्या उद्योगांनी. डेटाबेसमध्ये तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो, त्याचा हॅश, म्हणजे उलटं करून मूळ पासवर्ड काढता न येणारं रूप, साठवलेला असतो. त्यामुळे जुना पासवर्ड शोधून काढता येत नाही, पण ज्याच्याकडे त्या मशीनचे सुडो अधिकार (प्रशासक म्हणून कमांड चालवायची परवानगी) आहेत त्याला नवा नक्की ठेवता येतो. मशीनचा मालक तोच डेटाबेसचा मालक, हा या सगळ्या प्रक्रियेचा पाया आहे. म्हणूनच हे उपाय फक्त तुमच्या स्वतःच्या किंवा तुमच्याकडे रीतसर सोपवलेल्या सर्व्हरवर करायचे.

खाली मुख्यतः लिनक्सवरच्या मायएसक्यूएल ५.७ आणि ८.० किंवा त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी लिहिलं आहे. मारियाडीबी (मायएसक्यूएलचं भावंड) आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसबद्दल शेवटाकडे थोडं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने टाइप करायच्या.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मशीनवर सुडो किंवा रूटचे अधिकार (इथला रूट म्हणजे मशीनचा प्रशासक, डेटाबेसचं रूट खातं नव्हे). हे नसतील तर पुढचं काहीच जमणार नाही. आधी ते ज्याच्याकडे आहेत त्याला गाठा.
- सर्व्हरची नेमकी आवृत्ती. 'मायएसक्यूएलडी --व्हर्जन' ही कमांड पासवर्ड मागत नाही. शेवटचा 'डी' विसरू नका. तो नसेल तर क्लायंटची, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती दिसते आणि ती सर्व्हरपेक्षा वेगळी असू शकते.
- डेटाबेस थोडा वेळ बंद ठेवायची परवानगी. काम दहा-पंधरा मिनिटांचं असलं तरी तासाभराची वेळ मागून घ्या.
- नवा पासवर्ड, आधीच ठरवून पासवर्ड मॅनेजरमध्ये जपून ठेवलेला. ऐन वेळी सुचलेला पासवर्ड उद्या पुन्हा विसरला जातो.
- दुसरी टर्मिनल विंडो, एरर लॉग डोळ्यांसमोर ठेवायला.

पायरी १: खरंच रीसेट करायची गरज आहे का, ते पाहा

या पायरीवर घाई करू नका. माझ्याकडे मदतीसाठी आलेल्या बऱ्याच जणांचं काम इथेच संपलं, सर्व्हर बंदही करावा लागला नाही.

आधी एरर शेवटपर्यंत वाचा. शेवटी 'यूझिंग पासवर्ड: नो' असेल तर तुमचा पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही, कमांडमध्ये '-पी' द्यायचं राहून गेलंय. 'येस' असेल तर पोहोचलाय, पण जुळला नाही.

मग पासवर्ड न देता 'सुडो मायएसक्यूएल' चालवून पाहा. उबुंटूवर मायएसक्यूएल ५.७ पासून रूटला बहुधा पासवर्ड नसतोच. तिथे ऑथ सॉकेट नावाचं प्लगिन असतं. ते विचारतं, 'मशीनवर तू कोण आहेस?' आणि तुम्ही मशीनचे रूट असाल तर डेटाबेसचा रूट म्हणून आत घेतं. अशा सर्व्हरवर पासवर्डचे कितीही अंदाज लावले तरी एकही लागणार नाही, कारण जुळवायला तिथे पासवर्डच नाही. माझ्या त्या पहिल्या प्रसंगात नेमकं हेच होतं. वहीतला पासवर्ड कुठल्या तरी दुसऱ्याच सर्व्हरचा होता, आणि इथे एवढी एक कमांड पुरणार होती.

तेही चाललं नाही तर या जागा तपासा:

- लिनक्सच्या डेबियन-उबुंटू घराण्यात /ईटीसी/मायएसक्यूएल/डेबियन.सीएनएफ ही फाइल. तिच्यात डेबियन-सिस-मेंट नावाच्या देखभालीच्या यूजरचा पासवर्ड उघड लिहिलेला असतो, आणि मायएसक्यूएलच्या पॅकेजमध्ये त्या यूजरला पूर्ण अधिकार असतात. 'सुडो मायएसक्यूएल --डिफॉल्ट्स-फाइल=' यापुढे या फाइलचा पत्ता दिला की तुम्ही आत. तिथूनच रूटचा पासवर्ड बदला, डेटाबेस एक सेकंदही बंद न करता.
- होम डिरेक्टरीतली, टिंबाने सुरू होणारी माय.सीएनएफ ही लपलेली फाइल. आधीच्या माणसाने पासवर्ड तिथे ठेवलेला असू शकतो.
- सर्व्हर आरपीएम पॅकेजने (रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर) नुकताच बसवलेला असेल तर /व्हार/लॉग/मायएसक्यूएलडी.लॉग. ५.७ पासून पहिल्याच वेळी एक तात्पुरता पासवर्ड आपोआप तयार होऊन या लॉगमध्ये लिहिला जातो. लॉगमध्ये 'टेम्पररी पासवर्ड' शोधा.

इथे कुठेच काही सापडलं नाही, तर मग रीसेट.

पायरी २: सर्व्हर नीट बंद करा आणि प्रत काढा

सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप मायएसक्यूएल

रेड हॅट घराण्यात सर्व्हिसचं नाव मायएसक्यूएलडी असतं, मारियाडीबी असेल तर मारियाडीबी. अशा रीतीने बंद करायला डेटाबेसचा पासवर्ड लागत नाही, कारण सिस्टिम थेट प्रोसेसला 'आवरून बंद हो' असा सिग्नल पाठवते.

बंद व्हायला वेळ लागला तर लागू द्या. मोठ्या डेटाबेसला मेमरीतलं डिस्कवर उतरवायला काही मिनिटं लागू शकतात. 'किल -९' (प्रोसेस जबरदस्तीने थांबवणारी कमांड) मारू नका. इनोडीबी प्रकारची टेबलं त्यातूनही पुढच्या वेळी सावरतात, पण जुन्या मायआयसॅम प्रकारची टेबलं बिघडू शकतात.

सर्व्हर बंद झाला की डेटा डिरेक्टरीची प्रत काढा. ती सहसा /व्हार/लिब/मायएसक्यूएल असते; परवानग्या आणि ओनर तसेच राहावेत म्हणून 'सीपी -ए' वापरा. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉटही चालेल. पासवर्ड बदलताना डेटाला हात लागत नाही, तरी ही प्रत काढाच. प्रत आहे हे माहीत असलं की हात थरथरत नाहीत, आणि शांत डोक्याने काम केलं तर चुका कमी होतात.

पायरी ३: इनिट-फाइलची पद्धत (आधी हीच वापरा)

या पद्धतीत सर्व्हरचं कुलूप काढावं लागत नाही. सर्व्हर सुरू होताना एक फाइल वाचतो आणि तिच्यातली आज्ञा पाळतो. जितका वेळ हे चालतं तितका वेळही दार बंदच असतं, म्हणून मी नेहमी हिच्यापासूनच सुरुवात करते.

फाइलमध्ये एवढीच एक ओळ लिहा:

ऑल्टर यूजर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'नवा-पासवर्ड';

'नवा-पासवर्ड' च्या जागी तुम्ही ठरवलेला पासवर्ड. पूर्ण आज्ञा एकाच ओळीत हवी आणि शेवटी अर्धविराम हवाच. फाइल एडिटर उघडून लिहा, 'एको' ने नको, नाहीतर पासवर्ड शेलच्या हिस्टरीत जाऊन बसतो.

फाइल ठेवायची कुठे, यावर नवे लोक हमखास अडकतात. होम डिरेक्टरीत ठेवली तर दोन अडचणी येतात. एक म्हणजे सर्व्हर मायएसक्यूएल नावाच्या यूजरखाली चालतो आणि त्याला तुमची होम डिरेक्टरी वाचता येत नाही. दुसरी म्हणजे उबुंटूवर ॲपआर्मर नावाचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर असतं. ते सर्व्हरला ठरावीक जागांबाहेरच्या फाइलींना हात लावू देत नाही, मग परवानग्या कितीही बरोबर असोत. म्हणून फाइल /व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स या डिरेक्टरीत ठेवा, ओनर मायएसक्यूएल करा ('चोन') आणि परवानगी ६०० द्या ('सीएचमॉड'), म्हणजे इतर कुणाला ती वाचता येणार नाही.

आता सर्व्हरची कॉन्फिग फाइल उघडा. उबुंटूवर ती /ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी या डिरेक्टरीतली मायएसक्यूएलडी.सीएनएफ, रेड हॅट घराण्यात /ईटीसी/माय.सीएनएफ. चौकटी कंसातल्या [मायएसक्यूएलडी] या विभागाखाली ओळ घाला:

इनिट_फाइल=/व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स/तुमच्या-फाइलचं-नाव

विभाग बरोबर निवडा. हीच ओळ नुसत्या [मायएसक्यूएल] खाली लिहिली तर सर्व्हर ती वाचणार नाही, कारण तो विभाग क्लायंटचा आहे.

काही जण सर्व्हर सर्व्हिसऐवजी हाताने, थेट कमांडने सुरू करायला सांगतात. तसं करताना /व्हार/रन/मायएसक्यूएलडी ही सॉकेटची (त्याच मशीनवरून सर्व्हरला जोडायच्या वाटेची) डिरेक्टरी जागेवर नसते आणि सर्व्हर उठतच नाही. मग तो एक वेगळाच शोध सुरू होतो. कॉन्फिगमध्ये ओळ घालून नेहमीसारखी सर्व्हिस सुरू केली की हा प्रश्न येत नाही:

सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट मायएसक्यूएल

दुसऱ्या विंडोतल्या लॉगमध्ये काही तक्रार नसेल तर 'मायएसक्यूएल -यू रूट -पी' ने नव्या पासवर्डसह आत जाऊन पाहा. जमलं? मग लगेच, चहाला उठण्याआधी, कॉन्फिगमधली ओळ काढा, पासवर्डची फाइल डिलीट करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. ओळ तशीच राहिली तर पुढे कधी पासवर्ड बदलाल आणि पुढच्या रीस्टार्टला तो परत आजचाच होईल. फाइल डिलीट केली पण ओळ राहिली, तर सर्व्हरला सुरू होताना न सापडणाऱ्या फाइलचा अडथळा येईल.

पायरी ४: कुलूप काढायची पद्धत (वरचं जमलं नाही तरच)

कधी कधी पायरी ३ मधली आज्ञा लागू पडत नाही. बहुधा कारण असं असतं की 'रूट'@'लोकलहोस्ट' हे खातंच कुणीतरी उडवलेलं असतं किंवा त्याचं नाव बदललेलं असतं. मग आत जाऊन डोळ्यांनी पाहावं लागतं. त्यासाठी कॉन्फिगच्या त्याच विभागात या दोन ओळी घाला:

स्किप-ग्रँट-टेबल्स
स्किप-नेटवर्किंग

पहिलीने सर्व्हर पासवर्ड आणि अधिकार तपासणं सोडून देतो; कुणीही या, काहीही करा. दुसरीने नेटवर्कवरून येणारे मार्ग बंद होतात. ८.० मध्ये पहिलीबरोबर दुसरी आपोआप लागू होते, ५.७ मध्ये होत नाही. आवृत्ती कुठलीही असो, दोन्ही लिहायची सवय ठेवा.

सर्व्हिस सुरू करा, 'सुडो मायएसक्यूएल' ने आत जा आणि आधी नुसतं बघा:

सिलेक्ट यूजर, होस्ट, प्लगिन फ्रॉम मायएसक्यूएल.यूजर व्हेअर यूजर='रूट';

रूट नावाची किती खाती आहेत आणि कुठल्या होस्टची आहेत ते इथे दिसेल. 'रूट'@'लोकलहोस्ट' (याच मशीनवरून येणारा) आणि 'रूट'@'%' (कुठल्याही मशीनवरून येणारा) ही दोन स्वतंत्र खाती आहेत, त्यांचे पासवर्डही स्वतंत्र. एकाचा बदलून दुसऱ्याने आत जायचा प्रयत्न केला तर १०४५ पुन्हा येतो.

मग आधी 'फ्लश प्रिव्हिलेजेस;' आणि त्यानंतरच 'ऑल्टर यूजर'. हा क्रम चुकला तर एरर १२९० येतो: सर्व्हर स्किप-ग्रँट-टेबल्सवर चालू आहे, ही आज्ञा पाळता येत नाही. फ्लश केल्यावर सर्व्हर अधिकारांची टेबलं पुन्हा वाचतो आणि मग खात्यांच्या आज्ञा ऐकतो.

प्लगिनच्या रकान्यात ऑथ सॉकेट दिसलं आणि तुम्हाला खरोखरच पासवर्डने जायचं असेल, तर आज्ञेत प्लगिनचं नाव द्या: 'आयडेंटिफाइड विथ कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड बाय' आणि पुढे नवा पासवर्ड. हे नाव ८.० पासूनच्या सर्व्हरसाठी, ५.७ वर त्या जागी मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड. माझं मत विचाराल तर सॉकेट तसंच राहू द्या. जो पासवर्डच नाही तो विसरता येत नाही आणि चोरताही येत नाही.

काम झालं की बाहेर या, दोन्ही ओळी काढा, सर्व्हिस रीस्टार्ट करा.

पायरी ५: चुकीचा पासवर्ड टाकून पाहा

ही पायरी मी एका चुकीतून शिकले. ५.७ चा एक सर्व्हर होता. मी कुलूप काढून पासवर्ड बदलला, रीस्टार्ट केलं, नव्या पासवर्डने आत गेले, सगळं ठीक म्हणून घरी गेले. कॉन्फिगमधली ओळ तशीच होती. दोन दिवसांनी एक सहकारी म्हणाला, 'मी ॲपमध्ये चुकून टेस्टचा पासवर्ड टाकलाय, तरी ॲप चालतंय कसं?' त्या क्षणी पोटात गोळा आला. दोन दिवस तो डेटाबेस सताड उघडा होता, आणि मी तेव्हा नेटवर्क बंद करणारी ओळही घातलेली नव्हती.

कुलूप काढलेलं असताना कुठलाही पासवर्ड चालतो. म्हणून 'नवा पासवर्ड चालला' याने काहीच सिद्ध होत नाही. शेवटच्या रीस्टार्टनंतर या क्रमाने तपासा:

- मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. १०४५ आला पाहिजे. या वेळी ती ओळ बघून बरं वाटेल.
- बरोबर पासवर्डने आत जा.
- आत 'शो व्हेरिएबल्स लाइक 'स्किप_नेटवर्किंग';' चालवा. उत्तर 'ऑफ' हवं, नाहीतर दुसऱ्या मशीनवरची ॲप्लिकेशन्स जोडली जाणार नाहीत. सॉकेटवर चालणाऱ्या खात्यासाठी पहिली चाचणी रूटऐवजी एखाद्या पासवर्डवाल्या खात्याने करा.

हमखास लागणारे खड्डे

जुन्या सूचना. 'अपडेट मायएसक्यूएल.यूजर सेट पासवर्ड=पासवर्ड(...)' ही ओळ तुम्हाला जागोजागी दिसेल. ५.७ मध्ये तो रकाना गेला, त्याजागी ऑथेंटिकेशन_स्ट्रिंग आला. आणि पासवर्ड हे फंक्शन ८.० मधून काढून टाकलं. खात्यांच्या टेबलात हाताने अपडेट मारूच नका, ऑल्टर यूजर वापरा.

एरर १८१९. नवा पासवर्ड सर्व्हरच्या नियमात बसत नाही, एवढाच याचा अर्थ. मध्यम पातळीचा नियम किमान ८ अक्षरं, एक अंक, एक मोठं आणि एक छोटं अक्षर, एक विशेष चिन्ह मागतो. नियम सैल करण्यापेक्षा पासवर्ड लांब करा.

होम डिरेक्टरीतली जुनी माय.सीएनएफ. रीसेट नीट झालेला असतो, पण क्लायंट गुपचूप तिथला जुना पासवर्ड पाठवत राहतो. एकदा '--नो-डिफॉल्ट्स' हा पर्याय कमांडच्या अगदी सुरुवातीला देऊन पाहा. तेव्हा चाललं तर दोषी तीच फाइल.

डॉकर, म्हणजे सर्व्हर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय. कंटेनरच्या मायएसक्यूएल_रूट_पासवर्ड या व्हेरिएबलची किंमत बदलून कंटेनर पुन्हा उभा केला तरी पासवर्ड बदलत नाही. ते व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटा डिरेक्टरी रिकामी असतानाच वाचलं जातं. इथेच वैतागून लोक व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा जिथे साठतो ती जागा) डिलीट करतात आणि त्यासोबत सगळा डेटा जातो. व्हॉल्यूमला हात लावू नका. 'डॉकर इन्स्पेक्ट' ने आधी मूळ किंमत बघा. पासवर्ड नंतर बदललेला नसेल तर तोच चालेल. नाहीतर इनिट-फाइलची पद्धत कंटेनरमध्येही लागू पडते.

क्लाउडवरच्या व्यवस्थापित डेटाबेसला यातलं काहीच लागू नाही. तिथे मशीन तुमच्या ताब्यात नसतं. सेवेच्या कन्सोलमधून मुख्य यूजरचा पासवर्ड बदलायचा.

मारियाडीबी आणि पोस्टग्रेस असेल तर

मारियाडीबी १०.४ पासून रूटला मूळ स्थितीतच सॉकेटने आत घेतलं जातं, म्हणून आधी 'सुडो मारियाडीबी'. त्याच आवृत्तीपासून मायएसक्यूएल.यूजर हे खरं टेबल नसून व्ह्यू आहे, तेव्हा तिथे जुने अपडेट चालतच नाहीत. पायरी ४ चा क्रम तोच.

पोस्टग्रेसमध्ये 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' बहुतेक वेळा सरळ आत नेतं, कारण तिथेही स्थानिक जोडणीला पीअर ही, मशीनवरचा यूजर पाहून आत घेणारी, पद्धत असते. नेलं नाही तर पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलची प्रत काढून ठेवा, 'लोकल' ने सुरू होणारी पोस्टग्रेस यूजरची ओळ शोधा आणि तिच्यातली शेवटची पद्धत ट्रस्ट (पासवर्ड न विचारता आत घेणारी) करा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते, त्यामुळे ओळीची जागा महत्त्वाची. 'होस्ट' ने सुरू होणाऱ्या ओळींना ट्रस्ट देऊ नका, तो नेटवर्कचा मार्ग आहे. सर्व्हिस रीलोड करा, रीस्टार्टची गरज नाही. आत जाऊन '\पासवर्ड पोस्टग्रेस' ने नवा पासवर्ड ठेवा, मूळ फाइल परत आणा, पुन्हा रीलोड. आणि चुकीच्या पासवर्डची चाचणी इथेही करा, पण पासवर्ड मागणाऱ्या मार्गाने, म्हणजे '-एच लोकलहोस्ट' देऊन. पीअरच्या मार्गावर पासवर्ड विचारलाच जात नाही.

पायरी ६: पासवर्ड बदलल्यावर काय काय बंद पडतं

रूटचा पासवर्ड बदलला की तो वापरणाऱ्या सगळ्या गोष्टी थांबतात. रोज रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट, मॉनिटरिंग, एखादं जुनं ॲप. बॅकअप तर आवाजही न करता थांबतो. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी आणि /ईटीसी डिरेक्टरी 'ग्रेप' या शब्द शोधणाऱ्या कमांडने चाळून रूटचा उल्लेख कुठे कुठे आहे ते काढा. जे जे सापडेल त्याला नवा रूट पासवर्ड देत बसू नका. प्रत्येकासाठी फक्त लागेल तेवढ्या अधिकारांचं वेगळं खातं तयार करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअपच्या फाइलची तारीख आणि साइज उघडून बघा.

आणि सर्व्हरवरच, रूटच्या होम डिरेक्टरीत, एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात पासवर्ड लिहायचा नाही. रूट सॉकेटने चालतो की पासवर्डने, पासवर्ड कुठल्या मॅनेजरमध्ये कोणत्या नावाने आहे, कॉन्फिग फाइल आणि डेटा डिरेक्टरी कुठे आहेत, आणि आज तुम्ही काय बदललं, एवढ्या पाच-सहा ओळी, तारखेसह.